मॉडेलच्या खुर्चीवर माझा बाप

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, भावाले नाई, मायले तं नाईच नाई. तुम्ही म्हणता का भाऊ, तुम्ही चित्रकार कसे झाले ते सांगा, खेड्यातलं पोरगं चित्रकलेच्या कॉलेजात गेलं, ड्रॉइंग मास्तर झालं, लोकायले वाचाले बरं वाटते. तं सांगतो. पण ते सांगाचं म्हणजे हेही सांगाच लागन, कारण ज्या एका चित्रानं मी चित्रकार झालो ते चित्र माझ्या बापाचं होतं, बाप माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता, अन् भरल्या वर्गात मी त्याले ओळखत नाई असं दाखवून त्याचं चित्र काढलं. झालं, निघालं तोंडातून. आता पुढचं सांगाले सोपं जाईन असं वाटते, पाहू.

आमचं गाव नागभीडपासून जवळच, पायी जाण्यासारखं. चारही बाजूनं धानाच्या बांध्या, त्याच्या मांगं जंगल. बांध्या दुसऱ्याच्या, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आमचा, असं होतं आमचं. आज्यानं बाबासाहेबायसंगं दीक्षा घेतली होती, तेव्हापासून घरात बुद्धाचा फोटो, बाबासाहेबायचा फोटो, अन् शिका हा शब्द. बाप, लहानू त्याचं नाव, तो रोवण्यात रोवणा करे, कापणीत कापणी, उन्हाळ्यात जंगलात बांबू तोडाले जाय, अन् कधी रेल्वेवाल्यायनं बोलावलं तं छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, लाइनीवर खडी टाकाले जाय. बांबूची एक चिप उडून त्याच्या भुवईवर लागली होती, तिथी केस उगवत नव्हते, पांढरी रेघ होती. हे सांगतो कारण ती रेघ मले फार चांगली काढता येते.

आता चित्राचं कसं सुरू झालं, तं जयंतीच्या आधी बाप चुना कालवे, भिंत पोते, अन् मी कपड्याची नीळ पाण्यात घोळून तिच्यावर चक्र काढो, पिंपळाचं पान काढो, कमळ काढो. बाप मांगं सरकून पाहे. चांगलं झालं असं कधी म्हणे नाई, म्हणे, पान जरा खाली गेलं विसू. अन् दुसऱ्या दिवशी गावभर सांगे का भिंत पाहून या, माझ्या पोरानं काढली. मंग लग्नायच्या घरून बोलावणं येऊ लागलं, कोणाले हत्ती पाहिजे, कोणाले मोर, कोणाले नवरदेव नवरीचं नाव वेलबुट्टीत पाहिजे. बाप संगं येई, शिडी धरे. सारा दिवस शिडी धरून उभा राहे, त्याचा रोज बुडे, पण दुसऱ्याच्या हाती शिडी देत नव्हता, म्हणे, पोराचं ध्यान भिंतीवर असते, पायाकडं कोण पाहीन.

शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, त्याईनं मले एलिमेंटरीले बसवलं, इंटरमिजिएटले बसवलं, अन् बापाले बोलावून सांगितलं का लहानू, याले चांद्याले पाठव, तिथी चित्रकलेचं कॉलेज आहे, मास्तर होईन तुझा पोरगा. गावात हसले लोकं. पाटील म्हणे, काऊन रे लहानू, पोराले चित्र शिकवतं? चित्रानं का भात शिजते? बाप म्हणे, पाटील, तुमच्या पोराच्या लग्नात तुम्ही पाव्हण्यायले आधी जेवण दाखवलं का आधी भिंत दाखवली? पाटलालेच हसू आलं. असा होता माझा बाप, बोलाले कमी नव्हता. हे ध्यानात ठेवा भाऊ, का त्याले बोलता येत होतं.

तं गेलो मी चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले. एका म्हातारीच्या घरी खोली, स्वयंपाक हातानं, स्कॉलरशिप येईन तेव्हा येईन, तांदूळ घरून. कॉलेज म्हणजे जुनी इमारत, पण आत गेलं का रंगाचा अन् टर्पेंटाइनचा वास, मोठ्या मोठ्या खिडक्या, प्लास्टरचे पुतळे, मले वाटलं इथीच जन्म घेतला असता तं बरं झालं असतं. पोरं चांगल्या घरची होती. माजरीचा राजू माझ्या बाजूले बसे, त्याचा बाप तिथल्या कोळशाच्या खाणीत ऑफिसात होता, क्वार्टर होतं, स्कूटर होती. राजू वाईट नव्हता, डबा उघडला का पहिला घास मले देई. त्यानं एक दिवस सहज विचारलं, विश्या, तुझे वडील काय करते? मी म्हटलं, रेल्वेत आहे. नागभीडले? हाव. स्टेशनात? हाव, असिस्टंट स्टेशन मास्तर.

कसं निघालं तोंडातून, मले नाई माहीत. काय सांगू तुम्हाले, कोणी मले हिणवलं असतं, जात काढली असती, गरीब म्हणून बाजूले बसवलं असतं, तं आज मी ते त्याच्यावर टाकून मोकळा झालो असतो. पण तसं कोणी काही केलं नव्हतं. राजूनं सहज विचारलं अन् मी सहज खोटं बोललो. मंग ते खोटं वाढत गेलं, पोरं म्हणत का विश्याच्या बापाच्या स्टेशनावर जाऊ, फुकट चहा पिऊ, अन् मी म्हणो, या ना, या कधीही.

दुसऱ्या वर्षाले हेड स्टडी असते. म्हणजे जिता माणूस समोर बसवून त्याचं डोकं, तोंड, मान काढाची. वर्गाच्या मधात लाकडी चौथरा, त्याच्यावर खुर्ची, खुर्चीवर मॉडेल, अन् आम्ही गोल करून खाली बसलेले. मॉडेल म्हणजे कोण, तं बाजारातला कोणी म्हातारा हमाल, कोणी टोपल्या विकणारा, कॉलेजचा शिपाई जाऊन धरून आणे, बैठकीचे पैसे भेटत. सरायले तरणे, गुळगुळीत चेहरे चालत नव्हते, ते म्हणत, हाडं दिसली पाहिजे, सुरकुती पाहिजे, चेहऱ्यावर जगणं पाहिजे.

त्या दिवशी ठरलेला म्हातारा आला नाई. सर चिडले, शिपायाले म्हणे जा, कोणालेही आण. शिपाई फाटकाशी गेला, अन् तिथी माझा बाप उभा होता.

नव्या धानाचे तांदूळ घेऊन आलता तो छोट्या गाडीनं, अन् लाखोळीची डाळ, सारं एका पोत्यात, डोक्सावर. धोतर, बंडी, डोक्साले दुपट्टा. मले सांगितलं नव्हतं. शिपायानं मंग मले नंतर सांगितलं, त्याले माहीतच नव्हतं का कोणाचा कोण, तो गोष्ट म्हणून सांगून राह्यला होता, म्हणे, म्हातारा मोठा गरीब होता बावा, काही बोलाले गेला तं मी म्हटलं, आधी आत चल, सर वाट पाहून राह्यले, पोतं ठेव कोपऱ्यात, तं आला मांगं मांगं. माझ्या बापानं जन्मभर हेच केलं होतं. साहेब चल म्हणे का चालाचं, बस म्हणे का बसाचं, काऊन ते मंग समजते. त्याले वाटलं असन का मोठ्या शाळेत बापायले असंच आत नेते, सरायची भेट घालून देते.

मी पेन्सिल हातात घेऊन बसलो होतो. वर पाह्यलं तं चौथऱ्यावर बाप. सर त्याची हनुवटी दोन बोटानं धरून इकडं तिकडं फिरवून राह्यले होते, उजेड पाहून. म्हणे, दुपट्टा काढा बाबा, टाळू दिसू द्या. बापानं दुपट्टा काढून मांडीवर ठेवला अन् वर्गात नजर फिरवली. मी दिसलो त्याले. त्याचं तोंड फुललं भाऊ. ओठ उघडले, वि निघालाच होता विसूचा.

अन् मी मान खाली घातली. ब्लेड घेतलं, पेन्सिल छिलाले लागलो. पेन्सिल छिललेलीच होती.

किती वेळ छिलली माहीत नाई. वर पाह्यलं तेव्हा त्याचं तोंड बंद झालं होतं. राग नव्हता, काही नव्हतं. दार लावून घ्यावं तसं. सर म्हणे, बाबा, खिडकीकडं पाहा, हलू नका. तो खिडकीकडं पाहाले लागला अन् मंग पूर्ण बैठकभर त्यानं माझ्याकडं पाह्यलं नाई. ज्याले पाटलाशी बोलता येत होतं त्याले तिथीही बोलता आलं असतं. साधं म्हटलं असतं का सर, हा माझा पोरगा. नाई म्हटलं. माझ्यासाठी नाई म्हटलं.

पोरं पोरंच असते. कोणी म्हणे, काय जबडा आहे बे. कोणी म्हणे, याच्या गालावर तं धानाची बांधी पडली, पाणी सोडा. राजू माझ्या कानाशी येऊन म्हणे, विश्या, असा माल तुझ्या नागभीडकडंच भेटते बे, तुझ्या बापाच्या गाडीत रोज चढत असन. अन् मी हसलो. मोठ्यानं नाई हसलो. पण हसलो, अन् माझ्या जागेवरून बापाचा कान समोर होता, त्या कानात ते गेलं असन. तो कान मी काढला मंग. त्याची पाळी, पाळीतलं बाळीचं बुजलेलं भोक, सारं काढलं.

आता याच्यापेक्षाही वाईट सांगतो. माझा हात त्या दिवशी असा चालला का तसा कधी चालला नव्हता अन् मंगही चालला नाई. मले ते तोंड पाठ होतं. दुसरी पोरं नाक मोजून राह्यली होती, पेन्सिल लांब धरून, एक डोळा मिटून, अन् मले काही मोजाची गरज नव्हती. भुवईवरची रेघ मी कागदाची जागा सोडून काढली, चुन्यासारखी पांढरी ठेवली. काढता काढता मी विसरलो का हा बाप आहे, मले नुसती सावली दिसे अन् उजेड दिसे, अन् मले आनंद होऊन राह्यला होता. हाव भाऊ, आनंद. सर मांगं येऊन उभे राह्यले, अन् साऱ्यायले म्हणे, इकडं पाहा, याला म्हणतात चेहरा वाचणं, जसा काही रोजचा पाहण्यातला माणूस आहे.

मधात मॉडेलले जरा सुट्टी देते, पाय मोकळे कराले. पोरं बाहेर गेली, दोघं तिघं आत होती. बाप चौथऱ्यावरून उतरला, गुडघे धरले होते त्याचे. माझ्याजवळ आला. मी म्हटलं आता बोलते. तो म्हणे, साहेब, पाणी भेटन का?

साहेब म्हणे मले.

मी उठलो, माठातलं पाणी गिलासात आणलं, दिलं. त्यानं वरून पेलं, गिलास परत दिला, म्हणे, उपकार झाले साहेब. मी त्याचा आवाज आजही तपासून पाहतो का त्यात टोमणा होता का. नव्हता. टोमणा असता तं मी तगलो असतो. तो खरंच जपून राह्यला होता मले, शिडी धरावी तसं.

वर्ग सुटला, शिपायानं त्याच्या हातावर बैठकीचे पैसे ठेवले, तो पोतं उचलून गेला. मी ब्रश धूत बसलो. त्या दिवशी पेन्सिलचं काम होतं भाऊ, ब्रश वापरलेच नव्हते. खोलीवर गेलो तं पोतं दाराशी टेकवलेलं. म्हातारी म्हणे, तुहा बाप आलता रे, बस म्हटलं, चहा घे म्हटलं, तं म्हणे गाडी जाईन. गाडीले अजून वेळ होता. स्टेशन लांब नव्हतं. मी गेलो नाई.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाले गेलो. साऱ्या रस्त्यानं मनात घोकत गेलो का असं म्हणीन, तसं म्हणीन, पाय धरीन. घरात पाय टाकला तं मायनंच सुरू केलं. काऊन रे, तुझ्या सरानं तुझ्या बाबाले खुर्चीवर बसवलं म्हणे? सारी पोरं खाली अन् हे वर? हाताले धरून बसवलं म्हणे, अन् साऱ्यायनं याईचं चित्र काढलं? शेजारची बाई बसली होती, ती म्हणे, माय वं, आमच्या बुढ्याले तं शाळेच्या ओट्यावरही कोणी बसवत नाई. मी बापाकडं पाह्यलं. तो अंगणात दोर वळून राह्यला होता. हात न थांबवता म्हणे, हाव, मोठा मान केला. चांगली शाळा आहे पोराची.

एक शब्द खोटा नव्हता त्यात. काय सांगू तुम्हाले, सारंच खरं सांगून त्यानं मले झाकलं. अन् मी म्हटलं, हाव माय, सरायले बाबा फार आवडले.

बस्, मंग बोलाची वेळ गेली ती गेलीच. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन लागलं, त्या चित्राले पहिलं बक्षीस भेटलं. खाली नाव काय द्याचं असं सरायनं विचारलं, मी पेन्सिल त्याईच्याच हाती दिली, त्याईनं लिहिलं, झाडीतला वृद्ध, झाडी म्हणजे आमचा हा धानाचा, जंगलाचा मुलूख. तेच चित्र दाखवून सरायनं माझी शिफारस केली. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवीनच वेगळा झाला होता, शाळा उघडून राह्यल्या होत्या, मले भामरागडच्या अंगाले आश्रमशाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली. बापानं गावात भात अन् गूळ वाटला म्हणे.

तिथी पावसाळ्यात नद्या चढल्या का रस्ता संपला, मंग टपाल नाई, माणूस नाई. अशाच एका पावसाळ्यात बाप तापानं गेला. मले निरोप भेटला तेव्हा पाणी उतरून राह्यलं होतं, घरी पोचलो तेव्हा सारं आटपलं होतं. म्हणजे ज्याले सांगाचं होतं तोही गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना घेते त्या दिवशी, मंडपात टेबल मांडलं, पांढरं कापड, मेणबत्त्या, फुलाचा हार आणलेला, अन् हार घालाले फोटो नाई. बापानं जन्मात फोटो काढला नव्हता. हार तसाच टेबलावर ठेवला. तुम्हाले माहीतच आहे मी नोकरीसंगं काय धंदा करतो, मेलेल्या माणसायचे चेहरे मोठे करून देतो, लोकं बारकासा फोटो आणते, मी रंगात काढून देतो. तं मंडपात एक जण बोललाच, म्हणे, साऱ्या तालुक्याचे मेलेले हे भिंतीवर टांगते, अन् याचा बाप कुठी आहे? कोणी हसलं नाई. माय म्हणे, काढन तो, त्याच्या मनात आहे बाप, त्याले फोटो कायले लागते.

काढाले बसलो ना. कितीदा बसलो. माय म्हणते हसरा काढ, अन् कागदावर जो येते तो खिडकीकडं पाहाणारा येते. मी डोळे फिरवतो, माझ्याकडं पाहाणारे काढतो, तं ते दुसऱ्याच कोणाचे होते. फाडून टाकतो. मायले म्हणतो, शाळेत काम फार आहे.

मंग वाटलं का तेच चित्र आणावं, जसं आहे तसं, निदान मायले तोंड दिसन. कॉलेजात गेलो तं म्हणे, ते प्रदर्शनात विकलं गेलं, बल्लारपूरच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं घेतलं. गेलो बल्लारपूरले. सेठ भला माणूस होता, चहा मांगवला, बैठकीत नेलं, अन् भिंतीवर माझा बाप, सागाच्या फ्रेममध्ये, काचेआड. सेठ म्हणे, मास्टरजी, इस आदमी को मैं रोज देखता हूँ, बड़ा सब्र है इसके चेहरे पे. आपको क्यों चाहिए? मी म्हटलं, ऐसेच, अभ्यास के लिए. तो म्हणे, ये है कौन? आपके घर का है क्या कोई?

सांगा भाऊ, याच्यापेक्षा सरळ कोणी काय विचारन. खोलीत आम्ही दोघंच होतो. राजू नव्हता, वर्ग नव्हता. मी चांगला नोकरीवाला माणूस होतो, लाजाचं काही राह्यलं नव्हतं. अन् मी म्हटलं, नहीं सेठजी, मॉडल था.

सेठ म्हणे, घर का होता तो मैं अभी उतार के दे देता, कसम से. मॉडल का क्या है, दूसरा बिठा लो. मी चहा संपवला अन् उठून आलो. पहिल्या वेळी पोरगा होतो असं म्हणता येईन. दुसऱ्या वेळचं काय म्हणू? मले वाटते, खोटं बोलता बोलता तेच माझ्या हाताले बसलं होतं.

आता माझे केस पिकाले लागले. पोरायले शिकवतो, हेड स्टडीचा विषय आला का मीच खुर्चीवर बसतो, पोरायले म्हणतो, काढा मले, दुसऱ्या कोणाले आणू नका. त्यायले वाटते सर मजेदार आहे. माय आहे अजून, भावाजवळ असते. कोणी पाव्हणा आला का अजूनही खुर्चीची गोष्ट सांगते, सरानं कसं हाताले धरून बसवलं, अन् सांगताना तिचं तोंड असं होते का मी उठून बाहेर जातो. खरं सांगितलं तं तिचं तेवढंही जाईन, नाई सांगितलं तं मी असाच मरीन. तुम्ही लिहून घेऊन राह्यले, छापा, नाव बदलू नका. पण कागदावर सांगणं म्हणजे सांगणं नोहे, हे मले समजते. माय वाचत नाई, अन् सेठ मराठी वाचत नाई.

बल्लारपूरले बस जाते. सेठ आहे, चित्रही तिथीच आहे, मी मांगच्या महिन्यात बाहेरूनच विचारून आलो. आत जाऊन म्हणाचं आहे का हा माझा बाप आहे, लहानू त्याचं नाव. मंग ते चित्र मायसमोर ठेवून तिले सांगाचं आहे का ती खुर्ची कोणती होती अन् मी कुठी बसलो होतो. लोकायसमोर बापाले बाप म्हणणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलं नाई.